झेंडूचा दोरा

दुपारचं जेवण अंगावर आलंय. पडवीत चटई टाकून मी पडते आणि डोळा लागतोय न लागतोय तोच अंगणातून पान्याचा आवाज येतो. पाना कुणाचाही असेल. पण दर दोन फेऱ्यांनी थांबून नाक ओढणारा माणूस आमच्या घरात एकच होता आणि तो जाऊन दोन वर्षं झाली. मी उठत नाही. उठलं की ही माणसं जातात, एवढी अक्कल मला झोपेतही आहे.

अण्णा, माझे वडील, त्यांच्या मोटरसायकलपुढे उकिडवे बसलेत. पलूसला त्यांचं आणि दस्तगीरचाचांचं तीस वर्षं गॅरेज होतं. ही गाडी अण्णांची स्वतःची. ते गेल्यावर मी चालवत होते. दसऱ्याला आईला मागे बसवून मामाकडे सोनं द्यायला निघाले आणि वाटेत पाडली. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला, दिवा फुटला, आईचं मनगट मोडलं. चाचांनी परवा येऊन पुढचा भाग खोलून बघितला. बांधायची तर या जुन्या गाडीचे पार्ट महिनाभर हुडकावे लागतील. सुटी करून विकायची तर इंजिन आणि टाकीला गिऱ्हाईक तयार आहे. आज पाचला ते उत्तर घ्यायला येणार आहेत, आणि मी मनात ठरवून टाकलंय की सुटी करायची.

अण्णांच्या गॅरेजची एक रीत होती. परत बांधायची गाडी खोलली की नट काढले त्याच क्रमाने दोऱ्यात ओवायचे, म्हणजे बसवताना शेवटचा पहिला. मोडायची गाडी असली की नट सरळ डब्यात. परवा चाचांनी हातात नट धरून विचारलं होतं, "ओवू का डब्यात टाकू?" मी म्हटलं, डब्यात. त्यांनी तो डब्यात टाकला.

"उठलीस व्हय?" अण्णा वर न बघता विचारतात.

"न्हाई. झोपलेय."

"बरं. झोप." पाना दोनदा फिरतो. "वैजू, कुत्रं कसल्या रंगाचं हुतं?"

पडल्यावर जो पहिला माणूस धावत आला, त्याने विचारलं होतं, "ताई, कुत्रं आडवं आलं का?" आणि मी हो म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून ते कुत्रं आमच्याकडे राहायलाच आलंय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई त्याची हकिकत सांगते. काल तर तिने त्याला वाकडं शेपूटही दिलं.

"तांबडं हुतं," मी म्हणते.

"तांबडं. आणि झेंडूचा वास मारणारं."

आता आम्ही दवाखान्यात आहोत. खाली अंगणातलीच शेणाने सारवलेली जमीन आहे, पण भिंती हिरव्या आहेत आणि अण्णा बाकड्यावर बसून आईचा एक्स-रे उजेडाला धरतायत. त्यात हाड नाही. वाकलेला चिमटा आहे आणि त्याला गुंडाळलेला हार. एकूण एक फूल दिसतंय.

"चाक फिरायच्या आधी हार उतरवायचा, हे कितींदा सांगितलं हुतं?"

"दर दसऱ्याला."

खरंच सांगायचे. गावभर गाड्या हार लटकवून हिंडायच्या, आमची तेवढी बोडकी. पूजा झाली की गाडीचा हार काढून अण्णा दाराला बांधायचे. यंदा मी तो काढला नाही. अण्णा नाहीत तरी त्यांच्या गाडीची पूजा होते, हे मामाला दिसायला हवं होतं ना! म्हणून हारही मुद्दाम लांब घेतला. ओढ्याच्या उतारावर तो सुटला, चाकात गेला आणि त्याने चाक जागीच धरलं.

"मला लाज वाटती, अण्णा. गाडी दिसली की आईचा हात दिसतो."

"मग इकायची ती मोडली म्हणून, का दिसती म्हणून?"

तोवर आम्ही ओढ्याच्या उतारावर आहोत. अण्णा भर रस्त्यात बसून चाकाच्या आऱ्यांतून हार सोडवतायत. उसाचे ट्रॅक्टर आवाज न करता त्यांना वळसा घालून जातायत. फुलं गळून पडतात आणि मागे राहिलेला पिवळा दोरा ते बोटांवर गुंडाळून घेतात.

"तुमीच सांगा. बांधू का सुटी करू?"

"मला काय इचारतीस? मी बसणाराय का तिच्यावर?" अण्णा चिडतात. जिवंतपणी चिडायचे तसेच. "कर की सुटी. हिचं इंजिन दुसऱ्याच्या गाडीत पळंल. मी जन्मभर तेच केलं. पण कुत्र्याच्या नावावर मोडू नगंस. त्यानं काय केलंय तुझं?"

मला हसू येतं आणि हसता हसता रडू फुटतं. अण्णांची मला फार आठवण येते, हे मी इथे सांगून टाकते.

"आईला कसं सांगू?"

"तोंडानं," अण्णा म्हणतात आणि नाक ओढतात.

"वैजू, ऊठ. दस्तगीरभावजी आलेत."

आई उशाशी उभी आहे, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून. अंगणात ऊन उतरलंय. चाचा गाडीपाशी उभे आहेत. नटांचा डबा सीटवर उघडा पडलाय, रिकामा. हँडलला नटांची माळ लटकतेय. झेंडूच्या हाराचा पिवळा दोरा, मध्ये कुठेतरी चिकटलेली एक सुकी पाकळी.

"आई, हे तू ओवलंस?"

"एका हातानं? गाठ बसती व्हय एका हातानं?"

चाचा माळेवरून बोट फिरवत जातात, पहिल्या नटापासून शेवटच्यापर्यंत. "क्रमानं हाय," ते हळूच म्हणतात.

"आई," मी म्हणते, "कुत्रं नव्हतं. हार चाकात गेला. मी काढला नव्हता."

"मला ठावं न्हाई व्हय? मागंच बसले हुते मी."

"मग ते शेपूट?"

"तू कुत्रं म्हणालीस. लेकीला खोटं पाडू का चारचौघांत?" ती पदराने माझं तोंड पुसते, चांगल्या हाताने.

"बांधा, चाचा," मी म्हणते. "महिना लागू दे."

चाचा डब्याला झाकण लावून पिशवीत टाकतात. बाहेर टेम्पो उभा आहे. गाडी हलायच्या आधी मी माळ हँडलवरून उतरवते आणि पार्ट मिळेपर्यंत दाराला बांधते.