चहाडखोर छत

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एका हॉटेलात एकतीस वर्षं मुख्य वेटर आहेत. ताटं काय, कुणीही उचलतं. खरी कला गिऱ्हाईक कुठे बसवायचं ही, असं त्यांचं म्हणणं. दारातून येणाऱ्याच्या चालीवरून ते ठरवतात. भांडून आलेलं जोडपं खांबाआड, नवे कपडे घातलेली बाई आरशासमोर, एकटा माणूस भिंतीला पाठ लावून. घरीसुद्धा हेच. मी गेले की मला पंख्याखालची खुर्ची मिळते, आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीला दाराजवळचं स्टूल.

मग मालकांच्या घरी आर्किटेक्ट सून आली आणि तिने हॉटेल मोकळं करायला घेतलं. आडोसे गेले, पडदे गेले, जाजम गेलं. वर भलंमोठं घुमटाकार छत, खाली चकचकीत फरशी. मासिकात फोटो छापून आला. गिऱ्हाईकही आलं, बसलं आणि अर्ध्या जेवणातच पार्सल बांधून मागायला लागलं.

"काका, तुमची पद्धत जुनी झालीय," सून म्हणाली. "लोक अवघडतात. येत्या रविवारपर्यंत हॉल भरलेला दिसला नाही, तर तुम्ही आता आराम करा."

'आराम' ऐकून ताईने कढई ओट्यावर आपटली. "दिवसभर घरात? मग रोज मला कुठल्या खुर्चीवर बसवणार आहेत, विचार त्यांना!"

भावोजींना कारण ठाऊक होतं. चार नंबरच्या टेबलावर कुणी कुजबुजलं, तरी ते घुमटाला लागून थेट हॉलच्या दुसऱ्या टोकाला अकरा नंबरवर उतरायचं. पहिल्याच आठवड्यात एका साहेबाने आपल्याच कारकुनांचं आपल्याबद्दलचं मत सूप पिता पिता ऐकलं होतं.

"वहिनी, छत चहाडखोर आहे," भावोजींनी सुनेला सांगूनही पाहिलं.

"छत बोलत नाही, काका. वेटर बोलतात."

रविवार उजाडला. दुपारी हॉल अर्धा रिकामा, आणि मालकांच्या घरची मंडळी जेवायला आली. मालकीणबाई आपल्या बहिणीसोबत नेहमी वेगळ्या बसतात. दोघींना बोलायचं असतं. भावोजींनी त्यांना चार नंबर दिला. मालक आणि सून अकरावर. "मी फक्त खुर्च्या ओढल्या," असं ते आजही शपथेवर सांगतात.

सूप येईपर्यंत सगळं ठीक चाललं. मग मिठाच्या डबीतून यावा तसा मालकीणबाईंचा आवाज आला.

"इथे बसलं ना, की दवाखान्यात नंबर लावल्यासारखं वाटतं गं."

सुनेने मान वर केली. सासूबाई पार तिकडे, तोंडावर हात धरून बसलेल्या.

"मग सांग की तिला," बहिणीचा, म्हणजे मावशींचा आवाज.

"मी कशाला वाईट होऊ? यांना तरी कुठे आवडलंय! घरी माझं डोकं खातात, आणि तिच्यासमोर 'वा वा, काय छत आहे!'"

मालकांना ठसका लागला. भावोजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी आधीच भरून ठेवला होता.

सुनेने छताकडे पाहिलं, मग चार नंबरकडे, मग पुन्हा छताकडे. भावोजी हात पाठीमागे बांधून उभे. नोकरी राहिली की गेली, हे तिच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ओळखता येईना.

"काका," ती सासऱ्यांकडे न बघता म्हणाली. अकरावरचं बोलणंही चारवर पोचत होतंच, पण तिथल्या दोघी बोलण्यात, ऐकणार कोण? "उद्या सकाळी लवकर या. आडोसे कुठे हवेत ते तुम्ही दाखवा, मी खुणा करते."

"येतो की," भावोजी म्हणाले. "पण आधी जरा चार नंबरवर जाऊन येतो. मावशीबाईंनी आत्ताच तुमच्या लग्नापासून सुरुवात केलीय."