इंद्रायणीची द्वारका

भोसरीत आमच्या शेजारी सोनबा राहायचे. खडकीला एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यावर ते माळी होते. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी गेला, तेव्हा त्याने भिंतीवरचं एक जुनं चित्र सोनबांना दिलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, काळ्या बारीक रेघांचं. समुद्राकाठी पडके खांब, अर्धं कोसळलेलं शिखर, दगडांतून उगवलेली झुडपं. बंगल्यावरचा खानसामा म्हणाला होता, ही कृष्णाची द्वारका.

सोनबांच्या बायकोला, रुक्मिणीबाईंना, ते पहिल्या दिवसापासून नको होतं. "पडकी देवळं कुणी घरात लावतं का?" पण त्यांची एकुलती एक लेक इंद्रायणी लहानपणीच्या तापात पायांनी अधू झाली होती. दिवसभर खाटेवरच असायची. जरा कळायला लागल्यावर तिनं हट्टानं ते खाटेजवळच्या भिंतीवर लावून घेतलं.

पुढे सोनबा पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर जाऊ लागले. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन आधी खाटेवर बसायचे.

"आबा, गाव बुडालं तवा गाया कुठं गेल्या?"

"गाया पवत्यात. पल्याड गेल्या."

मग ती चित्राच्या काचेवर बोट फिरवून गायींची वाट दाखवायची. रोज.

पंचावन्न साली इंद्रायणीला विषमज्वर झाला. बैलगाडीतून पुण्याच्या दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. दहा वर्षांची होती.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, सोनबा कामावर गेले. रुक्मिणीबाईंनी चित्र उतरवलं, चौकट फोडली आणि कागद चुलीत घातला. माझी आई ताक द्यायला गेली होती, तिच्या देखत. "ह्यानंच खाल्ली माझी पोर," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सोनबांनी भिंत बघितली. हातपाय धुतले आणि खाटेवर लेकीच्या जागी बसून राहिले.

त्यानंतर नवराबायकोचं बोलणं भाकरी-पाण्यापुरतं उरलं. वर्ष गेलं असेल. आई त्यांच्याकडे शेंगा फोडायला बसली होती. सोनबा दाराशी दोर वळत होते. रुक्मिणीबाई हातातली शेंग तशीच धरून म्हणाल्या, "अवो, गायांची वाट कुठं दावायची वो ती? मी कवा नीट बघितलंच न्हाई."

सोनबांचे हात थांबले.

"मलाबी ठावं न्हाई," ते म्हणाले. "ती चित्राकडं बघायची. मी तिच्या तोंडाकडं बघायचो."

लेक गेल्यापासून रुक्मिणीबाई नवऱ्यासमोर रडल्या नव्हत्या, त्या रडल्या. सोनबा दोर टाकून त्यांच्याजवळ येऊन बसले. आई पदर झटकून गुपचूप घरी आली.

पुढे ती दोघं एकमेकांशी पुन्हा बोलू लागली. बहुतेक वेळा इंद्रायणीबद्दलच.