सकाळी सातचा तेलाचा वास

इथे सगळे भीतीचे अनुभव लिहितात. माझा भीतीचा नाही, किळसेचा आहे, तेव्हा जेवताना वाचू नका. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. नजर, करणी, बाहेरची बाधा... यातलं काहीही मी कधी मानलं नाही, मानणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. आजही मानतो असं म्हणवत नाही. पण हे माझ्या मांडीवर झालं, त्याला काय करू?

आधी माझा स्वभाव सांगतो. मला किळस फार लवकर येते. दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, ओल्या पायपुसण्यावर पडलेला पाय, कपाच्या कडेला वाळलेली साय — दिवस खराब व्हायला एवढं पुरतं. माझी बायको वैशाली म्हणते, “तुला माणसं चालतात, पण धुतलेली.” आम्ही मूळचे नगरचे. वैशाली लखनऊच्या एका संशोधन संस्थेत सायंटिस्ट, त्यामुळे बरीच वर्षं इथेच. अलीगंजमध्ये भाड्याचं घर, पहिला मजला, वर गच्ची.

२०१२च्या सप्टेंबरअखेरीस आमची जुई झाली. माझी आई नगरहून आली होती. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली, तशी शेजारच्या भाभींनी मालिशवाली पाठवली. नाव रामरती. वय साठीच्या आसपास, हात सुतारासारखे, खालच्या ओठामागे कायम खैनीची, म्हणजे चुना-तंबाखूची, चिमूट. तिच्याकडे तेलाची एक बाटली असे. मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा अगदी काळा होईपर्यंत जाळलेला. गच्चीवर ऊन आलं की ती पाय पसरून बसायची, जुईला नडगीवर आडवं घ्यायची आणि चोळायची. डावा हात उजव्या पायाला, उजवा हात डाव्या पायाला... मला बघवत नसे.

शेवटी लोई. लोई म्हणजे कणकेचा गोळा. तेलात बुडवून तो बाळाच्या कपाळावरून, खांद्यांवरून, पाठीवरून फिरवायचा, म्हणजे अंगावरची लव निघते. पाच मिनिटांत तो पांढरा गोळा करडा होई, त्यात बारीक केस आणि मळाच्या वळ्या. आणि ही बाई तो गोळा गच्चीच्या कठड्याला चिकटवून निघून जायची! मी नाकाला रुमाल लावून चिमट्याने काढायचो. आई हसायची. “अरे, तुझ्याच पोरीचा मळ आहे तो.” असेल. म्हणून काय त्याचा नमुना जपायचा?

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. जुईला हात लावण्याआधी रामरतीने कोपरापर्यंत साबणाने धुवायचं, माझ्यासमोर. ती धुवायची. रविवारी ती यायची नाही, तेवढाच मला आराम.

डिसेंबरात वैशालीच्या फेलोशिपचं पक्कं झालं. स्वीडनमधलं एक छोटं विद्यापीठाचं गाव, अकरा आठवडे, ऐन हिवाळ्यात. अशी संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती. आईचा जीव वरखाली. तीन महिन्यांचं पोर, बर्फात? मी बिनपगारी रजा टाकली आणि छातीठोकपणे सांगितलं, “जुईला मी सांभाळतो. तिला काही झालं तर मला विचारा.”

रामरतीला मी सांगितलं की उद्यापासून नको. तिने बाटलीला बूच लावलं आणि म्हणाली, “भइया, जाड़े का बच्चा उठाए हैं। होली से पहिले नहीं छोड़ते। बीच मा छोड़े से बच्चा सूखत है।”

हिवाळ्यात हाती घेतलेलं बाळ होळीआधी सोडायचं नसतं, एवढं ऐकून तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण दीड महिना साठलेलं बाहेर आलं. मी म्हणालो, “देखिए, सच बताऊँ? आपके हाथों से बदबू आती है। घिन आती है मुझे।”

आई “अरे!” म्हणाली. रामरतीने पदराला हात पुसले आणि जिना उतरून गेली.

धुक्यामुळे विमान सहा तास उशिरा निघालं. पुढचं सगळं प्रवासवर्णन गाळतो, कारण त्यात फक्त जुईचं रडणं आहे. स्वीडनमध्ये सकाळी साडेआठपर्यंत काळोख, दुपारी तीनला पुन्हा काळोख. दोन खोल्यांचा फ्लॅट मात्र स्वच्छ — माझ्या स्वप्नातला. कुठे धूळ नाही, कसला वास नाही. वैशाली साडेसहाच्या बसने लॅबला जायची. शनिवारीसुद्धा, कारण तिच्या सेल्सना, म्हणजे प्रयोगातल्या पेशींना, खाऊ घालायचं असे. इकडे मी जुईला खाऊ घालत होतो आणि ती खात नव्हती.

पहिल्या दोन आठवड्यांत पोरगी उतरली. हीटरच्या कोरड्या हवेने कातडी तडकली, मांडीच्या वळ्यांत लाल चिरा पडल्या. दूध अर्धं प्यायची, तेही ओकायची. झोप नाहीच. मी तिथलं महागडं सुगंधी साबण आणि लोशन आणून दिवसातून दोनदा आंघोळ घालत होतो. तिथल्या बाळांच्या दवाखान्यात इंग्रिड नावाची नर्स होती. तिने जुईला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, पुन्हा ठेवलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाली की दोन आठवडे बघू या, वजन वाढलं नाही तर ॲडमिट करावं लागेल, आणि कदाचित तुम्ही घरी परतण्याचा विचार करावा.

 घरी आल्यावर वैशाली म्हणाली, “सोडून जाऊ या. फेलोशिप काय...” आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. ‘मला विचारा’ म्हणणारा मी बाहेर उभा.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. जानेवारीचा मध्य. सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात बाटली उकळत होतो, आणि मला तो वास आला. जळक्या लसणाचा, ओव्याचा, मोहरीच्या तेलाचा... आणि त्याखाली, न चुकता, खैनीचा.

मी खोलीत गेलो. जुई पाळण्यात जागी होती, रडत नव्हती. तिचं अंग चमकत होतं. बोट लावलं तर तेल. पिवळं, चिकट, मानेच्या वळीत साचलेलं. मला उमासाच आला. मी पोरीला उचलून तसाच टबमध्ये घेऊन गेलो आणि साबणाने खसाखसा धुतलं.

मी सगळं तपासलं. बॅगा रिकाम्या केल्या, औषधांचे डबे बघितले, शेजारी काय शिजतंय ते जिन्यात जाऊन हुंगून आलो. आमच्याकडे मोहरीचं तेल नव्हतं. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी उशीजवळ गोळा सापडला. करडा, कणकेचा, बारीक केसांनी भरलेला. आमच्या त्या घरात कणीक नव्हती हो! आम्ही ब्रेड आणि भातावर जगत होतो. मी तो गोळा टिश्यूत धरून कचऱ्यात टाकला आणि दिवसभर त्या हाताने काही खाल्लं नाही.

वैशालीला सांगितलं. ती येईपर्यंत जुई धुतलेली, खिडक्या उघडून घर हवेशीर केलेलं. तिला काय वास येणार? आणि रविवारी ती घरी असली की काहीच व्हायचं नाही. ती म्हणाली, “तुला अलीगंजची आठवण येतेय, दुसरं काही नाही.” मला वाटायला लागलं की कोंडून राहून माझंच डोकं फिरलंय.

पण जुई दूध प्यायला लागली होती. सात वाजता ते व्हायचं, आणि त्यानंतर ती सलग तीन तास झोपायची. चिरा भरल्या. मी रोज ते तेल धुऊन काढत होतो आणि रोज तिची कातडी आदल्या दिवसापेक्षा बरी असायची.

एका सकाळी मी ठरवलं, डोळ्यांनी बघायचं. पावणेसातपासून जुईला फक्त लंगोटावर मांडीवर घेऊन दिव्याखाली बसलो. सात वाजले. वास आला. तिचा डावा हात आपोआप उचलला गेला, छातीवरून ओढला गेला, उजव्या पावलाला टेकला. मग दुसरा. तिच्या मांडीत एक खळगा पडला, अंगठ्याएवढा, आणि तो हळूहळू गुडघ्याकडे सरकला. मागे तेलाचा चकचकीत पट्टा. पोरगी खुदकन हसली. मग तो खळगा माझ्या तळहातापर्यंत आला, आणि माझ्या हाताखाली, म्हणजे माझी कातडी आणि तिची कातडी यांच्या मधे, आणखी एक हात शिरला. गरम, खरखरीत, तेलाने बुळबुळीत.

मी जुईला पलंगावर टाकलं — ठेवलं नाही, टाकलं — आणि सिंककडे पळालो. पोटात होतं-नव्हतं ते सगळं बाहेर आलं. परत आलो तेव्हा ती पलंगाच्या अगदी कडेला होती, पालथी. अजून एक वीत सरकली असती तर फरशीवर डोक्यावर पडली असती. पण ती तिथे थांबली होती, आणि तिच्या पाठीवरचं तेल अजून हलत होतं.

पुढच्या तपासणीत इंग्रिडने आकडा बघितला आणि टाळ्या वाजवल्या. मग वाकून जुईच्या मानेच्या वळीचा वास घेतला; तिथलं तेल धुऊनही पुरतं निघत नसे. “हे कसलं तेल? फार उग्र आहे.” म्हणजे माझं डोकं फिरलं नव्हतं. मी म्हणालो, घरचं आहे. ती म्हणाली, “जे करताय ते चालू ठेवा. वडील म्हणून तुम्ही फार छान सांभाळताय.” वैशालीला वाटलं तेल मीच कुठून तरी मिळवलं; तिने सगळ्यांसमोर माझा हात धरला. मला त्या कौतुकाची जेवढी किळस आली तेवढी त्या कणकेच्या गोळ्याचीही आली नव्हती.

मार्चच्या मध्यावर परतलो, होळीला काही दिवस होते. आल्या आल्या मी भाभींकडून पत्ता घेतला आणि सकाळी अकराच्या पुढे एकटाच रामरतीकडे गेलो, जुन्या वस्तीतल्या एका खोलीत. मनात एकच — आता हे बंद करायचं. माझ्या मुलीला कोणी असं हात लावलेला मला चालणार नाही, भलेही त्याने तिचं वजन वाढो.

दारासमोर उन्हात ती पाय पसरून बसली होती. नडगीवर जुनी गोधडी, लांबट घडी घातलेली, आणि तिला जुईचं झबलं घातलेलं. आम्ही निघण्याआधी रामरतीने मागितलं म्हणून वैशालीने ते मला न सांगता दिलं होतं, हे मला नंतर कळलं. बाई गोधडीला तेल लावत होती. बाजूला वाटीत लोई.

 मी विचारलं, “कब से?”

“खिचड़ी के बाद से। पहिले लड़का के घर बाराबंकी रहे।” खिचड़ी म्हणजे इथली संक्रांत. चौदा जानेवारी. “रोज, धूप आवे तब। इतवार को तेल नहीं छूते।”

घड्याळात साडेअकरा झाले होते; इथे साडेअकरा म्हणजे तिथे सात. हा हिशेब मी तिच्यासमोर उभ्या उभ्या केला. खालीच बसलो.

मी म्हणालो, “अम्मा, वहाँ... वहाँ सब पहुँचता था।”

ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, “जानित है। तुम्हरे हियाँ से भी आवत रहा।”

“क्या?”

“साबुन की बास। बिलायती साबुन, इतर जइसन। रोज हाथ मा चढ़ जात रही, राख से मलो तब्बो न जाए। रोटी मुँह तक लाओ तो उल्टी आवे। औ एक दिन तो...” तिने तोंड वाकडं केलं. “एक दिन मरदाना हाथ लगा, पसीने वाला, लिजलिज। छि! बहुत घिन आई, भइया।”

मी विचारलं, “फिर छोड़ा क्यों नहीं?”

तिने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त एवढं साधं कसं कळत नाही असं नवल होतं. “छोड़ देते तो बिटिया गिर न जाती?”

मी तिला बंद करा असं सांगू शकलो नाही. दुसऱ्या दिवसापासून होळीपर्यंत जुईला घेऊन तिच्या दारात जात राहिलो. वास तोच होता आणि मळमळही तीच होती, यात काही बदललं नाही. उगाच खोटं कशाला लिहू?

जुई आता शाळेत जाते, ठणठणीत आहे. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. केमिस्ट्रीत नाही, दुसरीकडे शोधायला मी गेलो नाही. तुम्हांपैकी कोणाला सुचलं तर लिहा, पण मला त्यापेक्षा दुसरंच खातं. त्या सकाळी मुलीला दोघांनी धरलं होतं. दोघांनाही ओकारी येत होती. आणि त्यातला बाप हात सोडून पळाला.