वांगं वाढा, आलू राहू द्या

मैत्रिणींनो, आज दुपारचीच गोष्ट. आमच्या आर्णीत मारुतीच्या मंदिरात भंडारा होता. ह्यांना शुगर आहे, आणि भंडाऱ्यातली वांगे-आलूची भाजी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण.

डॉक्टरांनी "पोळी-भात कमी, भाजी जास्त" सांगितलं, तेव्हा आम्ही आलूलाही भाजीच समजलो. पोळी कमी केली अन् आलू वाट्या भरभरून वाढले! शुगर काही उतरेना. मग दवाखान्यातल्या आहाराच्या ताईंनी समजावलं, की आलू, रताळं भाताच्या हिशोबात धरायचं. वांगं, कोबी, पालक जास्त चालतं. तेव्हापासून घरखर्चासारखाच मी ताटाचाही हिशोब ठेवते.

आज पंगतीत वाढणारा आला तशी मी म्हटलं, "भाऊ, ह्यांना नुसतं वांगं वाढा."

शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाई सगळ्यांसमोर बोलल्या, "आता देवाच्या प्रसादातही निवडून राह्यली काय वं?"

मी ओशाळले. तेवढ्यात हेच म्हणाले, "वहिनी, प्रसाद कणभर घेतला तरी पुरा असते." बुंदीचा एक दाणा कपाळाला लावून तोंडात टाकला. घरी आलूसाठी माझ्याशी भांडणारे हे! मारुतीराया, माझा ऊर भरून आला.

हात धुताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, "मलेही शुगर निघाली वं. गाजराचं कसं करू?"

"खा, पण वाटीनं मोजून," म्हटलं. उद्या जाऊबाई माझ्या स्वयंपाकघरात येणार आहेत, मापाच्या वाट्या बघायला.

तुम्ही भंडाऱ्यात ताट कसं सांभाळता?