कुणाचा रं तू?

आमच्या हॉस्पिटलच्या काउंटरवर बसणाऱ्या आक्का समोरच्याचं नाव कधी आधी विचारायच्या नाहीत. "कुणाचा रं तू?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कर्जतच्या त्या खाजगी हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर सांभाळायला रुजू झालो, तेव्हा मलाही तोच. भिसेगावातलं घर, वडिलांचं नाव, आईचं माहेर एवढं सगळं कळल्यावरच त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

हॉस्पिटलची वेबसाइट आणि पेशंटांची माहिती चोरांपासून राखायची, हे माझं काम. त्या कामात चोरांपेक्षा जास्त छळलं ते आक्कांनी. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर पासवर्ड लिहून तो खोका त्यांनी कॉम्प्युटरपुढेच उभा केला होता. मी तो फेकला आणि कुणाला ओळखता येणार नाही असा नवा पासवर्ड ठेवा म्हणालो, तर त्यांनी माझंच नाव ठेवलं. वर सगळ्या स्टाफला सांगितलं, "पोराचं नाव हाय, इसरायचं नाय." अनोळखी मेल उघडू नका म्हटलं, तर उघडल्याशिवाय ओळख कशी पटायची, असं मलाच विचारायच्या. मी कपाळाला हात लावायचो.

एकदा कुणीतरी फोन करून वेबसाइट दुरुस्त करायची म्हणून त्यांच्याकडे पासवर्ड मागितला. कुणाचा तू, असं आक्कांनी विचारलं. तो म्हणाला, हेड ऑफिसचा. "हेड ऑफिस काय तुझ्या बापाचं नाव हाय?" म्हणत आक्कांनी फोन आपटला. पुढे आठवडाभर हे त्या मला ऐकवत होत्या आणि मी मुकाट ऐकून घेत होतो.

पण तोच प्रश्न अंगाशी आला. मोहोपाड्याची एक नवी सून फिटच्या गोळ्यांसाठी आमच्याकडे यायची. माहेरच्यांनी लग्न ठरवताना हे दुखणं लपवलं होतं, आणि सासरी कळू देऊ नका, असं तिने डॉक्टरांना हात जोडून सांगितलं होतं. एके दिवशी तिचा सासरा काउंटरवर आला आणि सुनेला कसल्या गोळ्या चालू आहेत म्हणून विचारू लागला. वयाने मोठा माणूस, तेव्हा आक्कांनी अदबीने विचारलं, "तुमी कुणापैकी?" त्याने बापाचं सांगितलं, आज्याचं सांगितलं, बोलता बोलता आक्कांच्या माहेरची सोयरीकही निघाली. मग काय विचारता! आक्कांनी चहा मागवला, कॉम्प्युटर उघडला आणि सगळं वाचून दाखवलं. सुनेची रवानगी माहेरी झाली.

मला कळलं तेव्हा मी संतापलो. जगभरचे चोर अडवायला मी कुलपं लावत बसलोय आणि तुम्ही दार उघडून पाट मांडताय, म्हणालो.

"घरचाच मानूस होता रं," आक्का म्हणाल्या.

"घरच्यांपासूनच लपवायचं होतं ना तिला!"

 रविवारी आक्का एकट्याच मोहोपाड्याला गेल्या. गोळी घेतली की फिट ताब्यात राहते, हे सासरच्यांना परोपरीने सांगितलं, अगदी पाया पडल्या. त्या घराने सुनेला परत आणलं नाही ते नाहीच.

प्रश्न विचारणं आक्कांनी तरीही सोडलं नाही. फक्त उत्तर ऐकून झालं की म्हणायच्या, "मंग पेशंटलाच इचारा." सोयरीक जितकी जवळची, तितका नकार ठाम. पासवर्ड मात्र पुन्हा नव्या खोक्यावर चढला. कशाकशाला म्हणून रडायचं?

गेल्या वर्षी त्या स्वतःच आजारी पडून आमच्याकडे दाखल झाल्या. तपासण्या झाल्या, डॉक्टर गप्प गप्प दिसू लागले. मी खाटेजवळ बसून काय निघालं ते विचारलं. त्यांनी डोळे मिटूनच मला विचारलं, "कुणाचा रं तू?"

"तुमचाच, आक्का."

"मंग तुला तर नायच सांगनार."

दिवाळीआधी आक्का गेल्या. त्यांची फाइल आमच्या कॉम्प्युटरात आहे आणि सगळ्या फायलींची किल्ली माझ्याकडे असते. मला त्यांचा अजून राग येतो. फाइल मी उघडलेली नाही.