झाकणावरचं हळदीचं बोट

आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात कुणी काही चाखत नाही. देवीच्या आधी कुणाच्या जिभेला लागलं तर तो नैवेद्य राहत नाही, असं आजी मानत होती, आणि आजी मानत होती म्हणून सगळं घर मानत होतं. नागपूरजवळच्या मौद्याच्या पुढे आमचं गाव. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा यायच्या, दुसऱ्या दिवशी जेवायच्या आणि त्यांच्या मागून अर्धं गाव जेवायचं. पुरणपोळ्या, सोळा भाज्यांची एक भाजी, ज्वारीची आंबील, वडे आणि भला मोठा गंज भरून कढी. एवढ्या सगळ्या रांधणात मीठ न चाखता टाकायचं. ते काम आजीचं.

कढीला पहिली उकळी आली की ती पदर खोचून गंजावर वाकायची. वाफ नाकात घ्यायची. मग मीठ मुठीत घेऊन मूठ जराशी हलवायची आणि एकदाच उघडायची. तोंडाने देवीचं नाव चालू असायचं. पुन्हा बरणीकडे हात जात नसे. पंगतीत कुणी वरून मीठ मागितल्याचं मला आठवत नाही.

आजी या घरात आली तेव्हा नुकतीच लुगडं नेसायला लागली होती आणि गेली तेव्हा तिची पतवंडं शाळेत जात होती. या सगळ्या काळात अंघोळ आणि तुळशीला पाणी झाल्याशिवाय तिने कधी चहा घेतला नाही. अक्षर तिला येत नव्हतं. तरी माझ्या शिक्षणाचं श्रेय मी तिलाच देते. बारावीनंतर मला नागपूरला कॉलेजात घालायचं की नाही, यावर घरात बोलणं चाललं होतं. काकांना रोजचा एसटीचा प्रवास पसंत नव्हता. आजी माळ ओढत बसली होती. माळ न थांबवता म्हणाली, "एसटी काय तू ढकलून राहिला का गा? पोरगी बसून जाईल, बसून येईल." विषय तिथेच संपला. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली.

एकदाच कढी बिघडली, तेव्हा मी नागपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते आणि सणासाठी घरी आले होते. आरती झाली, नैवेद्य झाला, पुरुषांची पंगत बसली. पहिल्याच घोटाला सगळ्यांचे हात पाण्याच्या पेल्याकडे गेले. शेजारचे म्हातारे बुवा आजीच्या बरोबरीचे, त्यांना थट्टेशिवाय घास उतरत नसे.

"काहून वं वहिनी, मिठाचं पोतं सांडलं का कढीत?"

पंगत हसली. आजीही हसली. पण शेवटी ती स्वतः जेवायला बसली, कढीचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "देवीनं हे कसं गिळलं असेल वं माय?"

त्या दिवसापासून आजीने मिठाला हात लावला नाही. रोजच्या वरणाचं मीठसुद्धा ती काकूला टाकायला सांगे आणि स्वतः चुलीकडे पाठ करून बसे. दात गेले, एका कानाने ऐकू येईना, यावर तिने विनोद केले होते. हे मात्र तिला लागलं. एका रविवारी मी समजूत घालायला गेले, तर म्हणाली, "पूजा कोणालेही येते पोरी. मी न चाखता रांधत होती अन् ते बरोबर होत होतं, म्हणून देवी माझ्या हाताशी हाय असं मले वाटत होतं. आता तिनं हात सोडला."

माझ्याजवळची सगळी पुस्तकं तिथे कामाची नव्हती.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या जवळ आल्या. नागपूरच्या गांधीबागेतून देवींच्या साड्या आल्या आणि त्याच फेरीत काकांनी तिथूनच एक आचारी बोलावून आणला. आजी भिंतीला टेकून ऐकत होती. काकू बाजूला शेंगा सोलत होती.

आचारी म्हणाला, "मावशी, चाखल्याबिगर मी मिठाची गॅरंटी घेत नाही. चमचाभर बाजूले काढून पाहीन. देवीले काय माहीत पडते?"

"तिले माहीत नाही पडत, तर मंग रांधून कोणासाठी राहिला बापा?"

"माय," काका म्हणाले, "मागच्या सालची कढी आठव जरा."

आजीने मान खाली घातली. तेव्हा काकूच्या हातातल्या शेंगा थांबल्या.

"त्या कढीत मीबी मीठ टाकलं होतं," ती म्हणाली. "आई मधातच उठून देवघरात गेल्या. मले वाटलं, मीठ राहिलं. विचारलं असतं तर वाटलं असतं, सून हातावर शंका घेऊन राहिली. म्हणून गुपचूप टाकलं."

चाखायची सोय असती तर तिला एका थेंबात कळलं असतं. आमच्या घरात ती सोय नव्हती.

"अन् सालभर बोलली काहून नाही?" आजीने विचारलं.

"भेव वाटलं."

आजी भिंतीचा टेका सोडून ताठ बसली. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"म्हणजे मी सालभर देवीपुढं नाक घासून राहिली, अन् तू इथं शेंगा सोलून राहिली?"

काकूला रडू फुटलं आणि रडता रडता हसूही आलं. आचारी उठला. "निघतो मावशी. इथं माझं काम नाही."

"चहा घेऊन जा बापा. तो चाखला तरी चालते."

सणाच्या दिवशी आजी गंजावर वाकली. वाफ घेतली, मूठ हलवली, उघडली. मग झाकण ठेवून तिने हळदीत बोट बुडवलं आणि झाकणावर एक रेघ ओढली.

"हे दिसलं की समजायचं, मीठ पडलं. विचारायचं नाही अन् घाबरायचं नाही." मग काकूकडे वळली. "आंबिलीचं तू टाक."

काकूचा हात थरथरला.

"मांगच्या साली न सांगता टाकलं, अन् आता सांगून राहिली तर हात कापते?"

त्या दिवशी बुवांनी कढी पुन्हा पुन्हा मागून घेतली. "यंदा पोतं शाबूत दिसते वहिनी," एवढंच म्हणाले. आजीने पंगतीत त्यांच्या पानावर आणखी एक पोळी टाकली.

त्यानंतर बरीच वर्षं कढी आजीचीच होती. शेवटच्या वर्षी ती खुर्चीवर बसून होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "तू मोजून-मापून शिकलेली. हे नाकानं मोज." मी वाकले, वाफ घेतली. तिने माझी मूठ आपल्या हातात धरून जराशी हलवली.

आता काका-काकू नागपुरात राहतात आणि महालक्ष्म्याही त्यांच्याबरोबर आल्या आहेत. चुलीच्या जागी गॅस आहे, गंज तोच आहे. आजी गेल्यानंतरच्या पहिल्या सणाला मी एकटी त्याच्यापाशी उभी होते. उकळी आली. मूठ उघडली. झाकणावर हळदीची रेघ ओढली. तेवढ्यात काकू आत आली, झाकणाकडे एक नजर टाकली आणि काही न विचारता पुरण वाटायला बसली.