वरवरची शितं

“टेस्ट सगळ्या पास झाल्यात. आता मंजूर कर ना,” शेजारच्या खुर्चीतून मंजिरी म्हणाली. कोड तिचा, तपासणारा मी.

आमचा डेटाबेस सर्व्हर लाखो नोंदींपैकी थोड्याच वाचतो आणि त्यांवरून बाकीच्यांचा अंदाज बांधतो. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. मंजिरीच्या बदलामुळे हे काम झटपट होत होतं. का, ते चौथ्या फाइलमध्ये कळलं. सगळी शितं वरूनच उचलली जात होती, सुरुवातीच्या जुन्या नोंदींतून.

माझी आई भात बघताना पळी तळापर्यंत घालते. वरच्या शिताचा तिला कधीच भरवसा नसतो.

“मंजिरी, तळातल्या नव्या नोंदी कोण बघणार? हे मी मंजूर करणार नाही.”

तिने ती फाइल पुन्हा वाचली, मान डोलावली. “बदलते. पण मागच्या महिन्यात माझं असंच एक काम तू मंजूर केलंयस.”

आठवलं. तेव्हा मी पहिल्या दोनच फाइली वाचल्या होत्या. त्या नीटनेटक्या होत्या, म्हणून पुढच्याही तशाच असतील असं धरून चाललो होतो.

मी ते जुनं काम पुन्हा उघडलं आणि शेवटच्या फाइलपासून वाचायला घेतलं.